हातदेवाचं वय काढणाऱ्या बाई

बाई दगड चाटायच्या. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण गावात त्यांची आठवण निघाली की जो तो इथूनच सुरू करतो, आणि मग बाकीचं राहून जातं.

चालता चालता वाकायचं, दगड उचलायचा, शर्टाच्या बाहीला पुसायचा आणि जिभेचं टोक लावायचं. मग डोळे मिटून जरा थांबायचं, जसं आपण भाजीत मीठ पाहतो. आमच्याकडे दगडाला गोटा म्हणतात, म्हणून पोट्ट्यांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, 'गोटेवाली बाई'. बाईंना ते कळलं तेव्हा त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "कॉलेजात मला याच्यापेक्षा वाईट नाव आहे." ते कोणतं, हे मात्र त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आमच्या घरी आल्या त्या दिवशी त्यांनी माझ्या बुढीचा पाटा चाटला. बुढी म्हणजे माझी घरवाली. ती चुलीपाशी होती. वळून पाहते तर पाहुणी पाट्यावर ओणवी.

"बाई, भूक लागली असन त सांगा ना! भात टाकते."

"हा पाटा इथल्या टेकडीचा नाही," बाई म्हणाल्या.

"माया माहेरचा आहे. लाखांदुराकडून आला."

"वाटलंच मला," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पाट्यावर सकाळीच लाल मिरच्या वाटल्या होत्या. बुढीनं गूळ दिला. त्या दिवसापासून दोघींचं जे जमलं ते आजतागायत.

आता बाई आमच्याकडे आल्या कशाला, ते सांगतो. आमचं गाव तुमसर तालुक्यात, चिखल्याच्या खाणीच्या अलीकडे. खाणीतला दगड काळा, पण आमच्या टेकडीचा पांढरा, चुनखडीचा. त्या टेकडीत एक कपार आहे. वाकून आत गेलं की पुढे माणूस ताठ उभा राहतो. तिथे आमचा हातदेव. मूर्ती नाही, शेंदूर नाही. भिंतीवर वरच्या अंगाला गेरूचा एक हात उमटलेला, पाचही बोटं पसरलेली. त्याच्यावर पांढरट पापुद्रा धरलेला, थंड झालेल्या दुधावर साय धरते तसा. त्याला आम्ही मूळ हात म्हणतो.

दिवाळीनंतर गायगोधन असतं. त्या दिवशी गाईंची पूजा झाली की गावातले पुरुष कपारीत जातात, परातीतल्या गेरूत हात बुडवतात आणि मूळ हाताच्या खाली भिंतीला लावतात. मूळ हाताला कोणी शिवत नाही. आत जागा कमी, म्हणून बायका बाहेरच, कपारीच्या तोंडाशी जो मोठा चपटा गोटा आहे, त्याच्यावर हात लावतात.

आणि पहिला हात आमच्या घरचा. माझ्या आज्यानं लावला, माझ्या बापानं लावला, बाप गेल्यापासून मी लावतो. याचं कारण असं की मूळ हात आमच्या मूळपुरुषाचा. त्यानं गावचा तलाव बांधला, आणि तलाव पहिल्यांदा तुडुंब भरला त्या साली कपारीत जाऊन त्यानं हात उमटवला.

तलावाच्या पलीकडे माझा चुलतभाऊ राहतो. त्याचं म्हणणं वेगळं. तो म्हणतो, मूळपुरुष दोन भाऊ होते. थोरला त्याचा, धाकटा आमचा. थोरला तलावाच्या कितीतरी आधी इथे आला आणि हात लावून गेला. धाकटा मागून आयत्या जागेवर आला. म्हणून पहिल्या हाताचा मान त्याच्या घराचा, आणि मी त्याला दादा म्हणावं. वयानं तो माझ्याहून लहान आहे. मी त्याला दादा म्हणत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं काय! मी चौथी शिकलो. पाचवीत गेलो नाही, कारण मास्तराचं आणि माझं पटलं नाही, आणि चूक मास्तराची होती. शेती बेताची. गावात माझ्यापेक्षा पैसेवाले आहेत, शिकलेले आहेत. पण वर्षातून एक दिवस सगळं गाव परातीभोवती थांबतं आणि माझ्या हाताची वाट पाहतं. तो हात गेला तर माझ्याजवळ राहतं काय?

बाई आल्या त्या करोना सरल्यानंतरच्या हिवाळ्यात. जुन्या चित्रांची वयं काढणं हा त्यांचा धंदा. साठीला टेकलेल्या, अंगात सलवार आणि वरून पुरुषाचा मोठा शर्ट, कपाळाला बॅटरी. शर्टाचे खिसे इतके भरलेले की बसल्या की खुळखुळाट व्हायचा. कपार आमच्या वावराच्या वरच्या अंगाला, म्हणून सरपंचानं त्यांना माझ्याकडे पाठवलं.

"भाऊ, मला या हाताचं वय काढायचं आहे."

"कायले? देवाचं वय कोणी काढते काय?"

"वय काढल्यानं देव काही म्हातारा होत नाही," बाई म्हणाल्या.

उत्तर मला आवडलं. पण तसं मी दाखवलं नाही. राहायला पुढची खोली दिली.

त्यांच्या खिशात एक छोटी बाटली असायची, तेजाबाची. चुनखडीवर थेंब टाकला की फेस यायचा आणि बाई समाधान पावायच्या. दगडावर टाकत होत्या तोवर ठीक होतं. पुढे त्यांनी कोंबडीच्या अंड्याच्या टरफलावर टाकला, तलावातल्या शिंपल्यावर टाकला. एकदा माझी तंबाखूची चुनाडबी उघडी पडली होती, तिच्यात टाकला. डबी फसफसली. मी ओरडलो तर म्हणाल्या, "भाऊ, तुमचा चुना जुना झालाय. नवा घ्या." म्हणजे माझ्या डबीचंही वय काढलं.

जेवायला मासळी असली की वेगळाच तमाशा. मांस खाऊन झालं की बाई माशाचं डोकं पुढ्यात घ्यायच्या आणि टाचणीनं त्याच्या कानातला पांढरा खडा काढायच्या. झाडाच्या बुंध्यात असतात तशी त्या खड्यात वर्षाची कडी असतात म्हणे. भिंग लावून मोजत बसायच्या. बुढी शेवटी वैतागली.

"बाई, मासा खाचा सोडून त्याची पत्रिका कायले पाहून राहिल्या?"

"कमीत कमी तीन वर्षांचा होता," बाई हळहळून म्हणाल्या.

हे 'कमीत कमी' त्यांच्या तोंडात बसलेलं होतं. किती भाकरी वाढू? कमीत कमी दोन. पुण्याहून इथवर किती वेळ लागला? कमीत कमी एक दिवस. एकदा बुढीनं विचारलं, तुमच्या मालकाले जाऊन किती वर्षं झाली? बाई म्हणाल्या, "त्याचं मात्र नक्की ठाऊक आहे." आणि तारीख, वार, वेळ सांगितली. बुढीनं त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. बाईंनी तो मुकाट्यानं खाल्ला.

कमीत कमी का म्हणता, हे मी एकदा अंगणात बसलो असताना विचारलंच. तेव्हा त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. गेरू म्हणजे माती. मातीचं वय काढून उपयोग नाही, ती कधीचीही असते. वय काढायचं ते वरच्या सायीचं. पावसाचं पाणी टेकडीतून झिरपतं, त्यात विरघळलेला चुना भिंतीवर धरतो, त्याची ही साय. त्या पाण्यासोबत युरेनियम नावाचं काहीतरी येतं, अगदी चिमूटभराहून कमी. ते सावकाश बदलत जातं आणि त्याचं थोरियम होतं. थोरियम पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाण्यासोबत येत नाही. तेव्हा सायीत जे थोरियम सापडतं ते तिथेच जन्मलेलं.

"म्हणजे माय पाण्यासंग आली अन् लेकरं इथंच झाले," बुढी तांदूळ निवडता निवडता म्हणाली.

"अगदी! लेकरं मोजली की संसार कधी मांडला ते कळतं."

"अन् बाहेरचे लेकरं घरात घुसले त?" मी विचारलं.

बाईंनी कपाळाला हात लावला. "धुळीतून घुसतात, भाऊ. त्यांना वेगळं काढण्यातच माझं आयुष्य गेलं."

"मंग कमीत कमी काहून?"

"साय हाताच्या वर आहे. म्हणजे हात आधीचा. किती आधीचा, ते साय सांगत नाही. तुमच्या मुलाच्या लग्नाचा फोटो पाहिला तर मला एवढंच कळेल ना, की तुमचं लग्न त्याच्या आधी झालं?"

"आधी म्हणजे बम आधी," बुढी म्हणाली (बम म्हणजे आमच्याकडे खूप), आणि दोघी हसत सुटल्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावात बोंब झाली की हातदेवाच्या कपारीत बॉम्बचं सामान सापडलं. खाणीवर कामाला जाणारे दोघेतिघे मला रस्त्यात अडवून विचारायला लागले, आता सरकार किती मोबदला देणार. बाईंनी सगळ्यांना बोलावून समजावलं. कोणाची समजूत पटली असं मला वाटत नाही. भाव मात्र उतरला.

आता त्यांच्या हट्टाची गोष्ट. कपारीत शिरल्या की बाई दोन्ही हात पाठीमागे बांधायच्या. कधीच भिंतीला हात लावायच्या नाहीत. जन्मभर इतक्या गुहा पाहिल्या, पण एकाही चित्राला बोट लावलं नाही, म्हणायच्या. एका दिवशी आत ओल होती. बाईंचा पाय घसरला. भिंत अशी हातभरावर. कोणताही माणूस भिंत धरेल. बाईंनी धरली नाही. हात पाठीमागेच, आणि धाडकन गुडघ्यावर आल्या. रक्त निघालं.

"बाई, भिंत धराची ना!" मी ओरडलो.

"माझा गुडघा भरून येईल," त्या जमिनीवरूनच म्हणाल्या. "ही भिंत भरून येणार नाही."

मी हट्टी आहे असं सगळं गाव म्हणतं. त्या दिवशी मला बरोबरीचा माणूस भेटला.

त्या वर्षी बाईंनी नुसतं पाहिलं, फोटो काढले, मापं घेतली. मूळ हाताला हत्यार लावायला नको म्हणून, तीच साय खाली भिंतीवर जिथवर उतरली होती तिथल्या दहा-बारा जागा हेरून ठेवल्या. पुढच्या वर्षी सामान घेऊन येते म्हणाल्या, आणि गेल्या.

पुढच्या वर्षी त्या यायच्या आदल्या आठवड्यात मी लेकीकडे अड्याळला गेलो होतो. परत आलो तर गाव मोठ्या उत्साहात. चुलतभाऊ तलावाच्या पाळीवरच भेटला. हातापायाला चुना.

"पुण्याचे पाहुणे येऊन राहिले," तो म्हणाला. "भिंत कशी कळकट दिसे! सारी साफ करून टाकली."

मी धावतच टेकडी चढलो. कपारीत शिरलो आणि डोळे दिपले. आत सगळीकडे चुना मारलेला. पांढरी फटक भिंत, खाली निळीचा पट्टासुद्धा. सण आला, पाहुणे आले की आपण घराला चुना मारतो, तसा यांनी देवाला मारला होता. मूळ हाताला मात्र कोणाची कुंची लावायची हिंमत झाली नव्हती. त्याच्याभोवती चौकट धरून तेवढी जागा सोडली होती. बाकी खालचे सगळे हात गेले. माझा गेला त्याचं सोडा. माझ्या बापाचा हात गेला. त्याचं एक बोट खाणीत चेमटलेलं होतं, म्हणून त्या गर्दीतही मला तो दरवर्षी ओळखू यायचा.

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. चुलतभाऊ म्हणत होता, "अरे, माया बापाचाही गेला ना! गायगोधनाले नवे लावू!" त्याला खरंच कळत नव्हतं की चुकलं काय.

बाई आल्या. सोबत दोन विद्यार्थी, पेट्या, दिवे. मागे अर्धा गाव, शाबासकीच्या आशेनं. बाई वाकून आत गेल्या, उभ्या राहिल्या. कपाळावरची बॅटरी भिंतीवरून सावकाश फिरली. विद्यार्थिनीच्या तोंडून "अरे देवा" निघालं. वर्षभर हेरून ठेवलेल्या सगळ्या जागा चुन्याखाली.

बाई खाली बसल्या. बॅटरी विझवून म्हणाल्या, "चहा मिळेल का?"

बाहेर येऊन चहा घेतला. मग चुलतभावाला म्हणाल्या, "चुना कधी मारला?"

"परवा, मॅडम."

"छान. आयुष्यात पहिल्यांदा मला एका भिंतीचं वय नक्की कळलं." आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की चहा सांडला. आम्ही सगळे पाहतच राहिलो. शिव्या खायची तयारी होती, हसण्याची नव्हती.

मी मात्र हसलो नाही. बाईंना ते दिसलं. सगळे पांगल्यावर माझ्याजवळ येऊन बसल्या. मी बापाच्या हाताचं सांगितलं.

"भाऊ, तो गेला नाही," त्या म्हणाल्या. "चुन्याखाली आहे. उघड्यावरचं झिजतं, झाकलेलं टिकतं. आता तो तुमच्या-माझ्यानंतरही राहील."

"पण मले दिसत नाई ना, बाई."

 

आता साय काढायला एकच जागा उरली होती. मूळ हात. आणि त्याला हत्यार लावायचं म्हणजे आधी मी हो म्हणायला पाहिजे. मी नाही म्हणालो. सरळ नाही. बाई रोज सकाळी कपारीच्या तोंडाशी जाऊन बसायच्या, दुपारी परत यायच्या. विनवणी नाही, भाषण नाही. जेवताना माशाचे कान कोरायच्या. माझ्याकडे पाहायच्यासुद्धा नाहीत. असे दिवस जात राहिले, आणि मग माझ्याच डोक्यात एक गोष्ट आली.

मी आखरावर गाव जमवलं. आखर म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान, सकाळी गुरं उभी राहतात तिथे. चुलतभावालाही बोलावलं.

"बाईनं साय काढावी," मी म्हणालो. "पण जे वय निघन ते इथं, साऱ्या गावासमोर सांगावं. तलावाच्या वक्ताचं निघालं त हात आमचा, अन् यानं पुन्हा कधी तोंड उघडू नये. तलावाच्या आधीचं निघालं त हात याचा. पहिला मान मी सोडून देईन."

"अन् दादा म्हणशीन?" चुलतभाऊ म्हणाला.

"तेही म्हणीन."

बाई घाईनं उठल्या. "भाऊ, अशी पैज लावू नका. मी हाताचं वय सांगेन. हाताचा मालक सांगू शकत नाही."

"तुम्ही वय सांगा. मालक आमचा आम्ही पाहू."

"आणि तुम्हाला नको ते निघालं तर?"

"मंग नको ते सांगा. पण खोटं सांगू नका."

"ते मला येतच नाही," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली.

साय काढायच्या दिवशी कपारीत बाई, मी, चुलतभाऊ आणि दिवा धरलेली विद्यार्थिनी, एवढेच. दाताच्या डॉक्टरकडे असतं तसं बारीक यंत्र. बाईंनी नाकातोंडाला फडकं बांधलं, आम्हालाही बांधायला लावलं. तरी श्वास रोखून काम करायच्या. मीही रोखला. तळहाताच्या कडेला, जिथे साय रंगावर आली होती, तिथून तांदळाच्या कणीएवढा कपचा सुटला आणि काचेच्या नळीत पडला. रंगाला धक्का नाही. तेवढ्यात चुलतभाऊ शिंकला.

"बाहेर!" बाई ओरडल्या. धूळ खाली बसेपर्यंत आम्हाला सगळ्यांना उन्हात बसवलं. दुपारी पुन्हा आत गेलो तेव्हा चुलतभावानं फडक्यावर आणखी एक फडकं बांधलं होतं. लग्नातल्या नवरीसारखा दिसत होता. तसं मी त्याला सांगितलं.

कणी कुठल्या तरी मोठ्या प्रयोगशाळेत गेली. वर्ष गेलं. त्या वर्षी गायगोधनाला मी पांढऱ्या भिंतीवर पहिला हात लावला, पण परातीभोवती सगळे माझ्याकडे असे पाहत होते जसं बदली झालेल्या मास्तराकडे पाहतात.

पुढच्या दिवाळीच्या तोंडावर बाई आल्या. मला आधी एकट्याला सांगायला लागल्या. मी म्हणालो, "नाई. गावासमोर म्हणजे गावासमोर." रात्रभर मी नीट झोपलो. बुढी म्हणते मी झोपलो नाही. तिला काय ठाऊक?

गायगोधनाच्या सकाळी, गाई खेळवून झाल्यावर, सगळं गाव आखरावर. बाई उभ्या राहिल्या. कागद काढला नाही. आकडा सांगितला. तो मी इथे लिहीत नाही, कारण त्यांचा लेख छापून येईपर्यंत लिहू नका असं त्यांनी सांगितलं होतं, आणि मला शब्द पाळायची सवय आहे. एवढं सांगतो की शंभरात नव्हता, हजारांत होता.

"तलावाच्या आधीचा!" चुलतभाऊ टाळी वाजवून उठला. "माया! म्हण आता दादा!"

मीही उठलो. दिलेला शब्द होता. मी तोंड उघडणार, एवढ्यात बाई म्हणाल्या, "थांबा. तुमचाही नाही. तलावाच्या फार फार आधीचा आहे. हे गाव नव्हतं. कुठलंच गाव नव्हतं. तेव्हा इकडे धानाची शेतीसुद्धा नव्हती."

तलाव नव्हता ते लोकांनी ऐकून घेतलं. गाव नव्हतं तेही ऐकून घेतलं. पण धान नव्हतं म्हटल्यावर मैदानभर कालवा झाला.

"धान नाई? मंग खात काय होते?" मागून एक म्हातारी ओरडली.

"शिकार. कंदमुळं. मासे. मोहफुलंसुद्धा असतील."

"अन् भात?"

"भात नाही."

"बिच्चारे," म्हातारी म्हणाली, आणि बायकांमध्ये बराच वेळ हळहळ चालली.

पण मान कोणाचा? परात भरून तयार, आणि हात बुडवणारा नाही. मी हरलो नव्हतो आणि चुलतभाऊ जिंकला नव्हता. सरपंच म्हणाला, "मॅडमनंच लावावा पहिला." बाईंनी दोन्ही हात लगेच पाठीमागे नेले. म्हणाल्या, त्या भिंतीला कोणीच लावू नये. इतकी वर्षं टिकलेला हात आहे. दरसाल आत गर्दी, धूळ, श्वासांची वाफ, आणि आता चुना. त्याला आता एकटं राहू द्या.

"देव आत आहे," मी म्हणालो. "हात आतच लागन."

"आमचे त बाहेरच लागतात," बुढी म्हणाली. ती माझ्याशी कधी चारचौघांत बोलत नाही. "त्या चपट्या गोट्यावर. सासूचा लागला, माया लागला. देवाले दिसला नाई काय? का देव तुमचेच हात पाहते?"

बायका हसल्या. मग पुरुषही हसले. मी परात उचलली.

अशी सगळी मिरवणूक टेकडीवर गेली आणि परात चपट्या गोट्यासमोर ठेवली गेली. तो गोटा बायकांच्या हातांनी लालेलाल. वरच्या अंगाला तेवढी एका हाताची जागा कोरी होती. मी तिच्याकडे पाहिलं. चुलतभावानंही पाहिलं. दोघांचे हात एकाच वेळी परातीत गेले आणि एकाच वेळी गोट्यावर आदळले. आवाज एकच झाला. हात उचलले तर ठशांची बोटांत बोटं अडकलेली, त्याचा अंगठा माझ्या करंगळीवर, का माझी करंगळी त्याच्या अंगठ्यावर, काही कळेना.

"माया पहिला!" तो ओरडला. "पाहा, माया वर आहे!"

"वरचा असेल तो नंतरचा," बाई शांतपणे म्हणाल्या.

तो थबकला. मग लगेच म्हणाला, "नाई नाई, माया खाली आहे. नीट पाहा."

"माया त्याच्याही खाली आहे," मी म्हणालो.

"अरे, आतापर्यंत वर होता ना तू?"

"तू होता वर. साऱ्या गावानं ऐकलं."

"मॅडमलेच पाहू द्या!" सगळीकडून आवाज उठला. गर्दी मागे सरली. बाईंनी खिशातून भिंग काढलं, दुखऱ्या गुडघ्यावर बसल्या, एक हात पाठीमागे, आणि गोट्याला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. बराच वेळ पाहिलं. मी चुलतभावाकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता. माझ्याही असेल.

बाई उठल्या. भिंग पुसलं. खिशात ठेवलं.

"ओलं आहे अजून," त्या म्हणाल्या. "वाळलं की सांगते."

आणि मंडईचे, म्हणजे आमच्या दिवाळीनंतरच्या जत्रेचे, भजे खायला बुढीसोबत टेकडी उतरून गेल्या.

त्याला आता दोन दिवाळ्या झाल्या. कपारीच्या तोंडाला जाळीचं दार लागलं. दरसाल आम्ही दोघं परातीत एकदमच हात बुडवतो; न ठरवता तसंच चालू आहे. बाई रिटायर झाल्या, पण त्यांचा फोन असतो. बुढीशी तासभर बोलतात, शिंगाडे मागवतात, माशाच्या कानांची चौकशी करतात. गेरू कधीचाच वाळला. फोनवरून फोटो पाठवायचा, एवढंच काम आहे, आणि गावात कोणीही ते करून देईल. मी पाठवू देत नाही. चुलतभाऊही पाठवू देत नाही. बाईंना खोटं बोलता येत नाही, हे आम्हा दोघांनाही चांगलं ठाऊक आहे.